रोजची भाकर : प्रार्थना, मजुरी आणि पंगत

या व्याख्यानमालेत आपण एकेक शब्द घेऊन त्याचा विचार करतो आहोत. आजचा शब्द अगदी घरातला आहे : भाकर. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, जिला आपण प्रभूची प्रार्थना म्हणतो, तिच्या मधोमध हा शब्द येतो. आपल्या जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगर किंवा आपल्या तोंडी बसलेल्या नगर जिल्ह्यात, राहुरीपासून पाथर्डीपर्यंत आणि नेवाशापासून जामखेडपर्यंत कितीतरी घरांत ती रोज संध्याकाळी म्हटली जाते. लहान मुलांना ती पाठ असते. पण पाठ असलेल्या गोष्टीचं एक होतं, ती तोंडातून निघते आणि कानावरून निघून जाते.

आज या एका मागणीबद्दल तीन प्रश्न घ्यायचे आहेत. श्रोत्यांकडून ते वेगवेगळ्या शब्दांत नेहमी येतात. पहिला असा : भाकर देवाकडे मागायची तर मग राबायचं कशाला, आणि राबूनच मिळवायची तर मागायची कशाला? दुसरा : उद्याची चिंता करू नका असं शास्त्र सांगतं, मग बँकेत पैसे ठेवणं, पोराच्या शिक्षणासाठी साठवणं हा अविश्वास होतो का? तिसरा प्रश्न जरा टोचणारा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातून आलेला आहे. 'तुमचे आजे-पणजे दुष्काळात भाकरीसाठी बाटले' असं कोणी म्हटलं, तर त्याला उत्तर काय? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे प्रश्न टाळायची सवय नाही. तिसऱ्या प्रश्नाकडे आपण सावकाश जाऊ. आधीचे दोन नीट सुटले तर तिसऱ्याची वाट आपोआप दिसेल.

आधी शब्द पाहू. मराठी भाषांतरकारांनी इथे 'भाकर' हा शब्द घेतला, आणि तो फार योग्य घेतला असं आमचं मत आहे. 'अन्न' म्हटलं असतं तर अर्थ बिघडला नसता, पण ते थोडं सोवळ्यातलं वाटलं असतं. 'पोळी' म्हटलं असतं तर सणाचा वास आला असता. भाकर म्हटली की बाजरी-ज्वारी आली, चूल आली, काटवट आली, थापणारा हात आला. पॅलेस्टाइनमधल्या गरिबाचं धान्य होतं सातू. योहानाच्या सहाव्या अध्यायात ज्या मुलाजवळ पाच भाकरी होत्या, त्या सातूच्या होत्या असं मुद्दाम सांगितलेलं आहे. गहू परवडणाऱ्यांचा, सातू न परवडणाऱ्यांचा. आपल्याकडे गहू आणि बाजरीत जे अंतर एके काळी होतं, तेच हे. आणखी एक गंमत बघा. येशूचा जन्म ज्या गावी झाला त्या बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच 'भाकरीचं घर' असा होतो.

आता 'रोजची' हा शब्द. इथे मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, 'एपिऊसिओस', तो पंडितांना दोन हजार वर्षं छळतो आहे. मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांतल्या या प्रार्थनेपलीकडे तो जवळजवळ कुठेच सापडत नाही. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा विद्वान, ज्याची मातृभाषाच ग्रीक होती, तो म्हणाला की हा शब्द शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. जेरोमने लॅटिन भाषांतर करताना लूकमध्ये त्याचा अर्थ 'रोजची' असा केला आणि मत्तयमध्ये त्याच शब्दासाठी 'भौतिकापलीकडची' अशा अर्थाचा शब्द योजला! काही जण म्हणतात, अर्थ 'जगण्यापुरती'. काही म्हणतात, 'येणाऱ्या दिवसाची'.

हा वाद आपण इथे मिटवणार नाही. पण 'येणाऱ्या दिवसाची' हा अर्थ घेतला तर एक चित्र डोळ्यांसमोर येतं. रोजंदारीवरचा माणूस संध्याकाळी घरी आलाय. आजचं भागलं. उद्या कामाला कोणी बोलावेल का, माहीत नाही. तो झोपण्याआधी म्हणतो, उद्याची भाकर दे. ही गोदामं भरलेल्या माणसाची प्रार्थना नव्हे. ज्याची भाकर रोज नव्याने अनिश्चित असते, त्याची ही प्रार्थना आहे.

तिसरा शब्द सगळ्यात छोटा आणि सगळ्यात महत्त्वाचा : 'आमची'. या प्रार्थनेत 'मी' आणि 'माझं' कुठेच नाही. पिता आमचा, भाकर आमची, अपराध आमचे. एकटा माणूस दार लावून ही प्रार्थना म्हणत असला, तरी त्याला 'माझी भाकर' असं म्हणता येत नाही, व्याकरणच आडवं येतं. म्हणजे आमच्या ताटात भाकर आली आणि शेजारच्या ताटात आली नाही, तर प्रार्थना निम्मीच ऐकली गेली असं समजायचं, आणि उरलेली निम्मी पूर्ण करण्यात आपलाही हात लागतो. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी जे पसायदान मागितलं तेही एकट्यासाठी नव्हतं. दोन्ही मागण्यांचं तत्त्वज्ञान वेगळं आहे, दोन्हींचा देवही आपापल्या परीने वेगळा मांडलेला आहे. पण मागताना अनेकवचनात मागावं, ही समज आपल्या मातीला परकी नाही.

मान्ना आणि कणगी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, साठवणुकीकडे. येशूचे ऐकणारे यहुदी होते. 'आजची भाकर' म्हटल्यावर त्यांना लगेच निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली गोष्ट आठवली असणार. गुलामीतून सुटलेले लोक रानात भुकेले आहेत. सकाळी जमिनीवर मान्ना पडतो. आज्ञा अशी की प्रत्येकाने आपल्या कुटुंबाच्या गरजेपुरता गोळा करायचा, माणशी एक ओमर. ज्याने जास्त गोळा केला त्याचं शिल्लक राहिलं नाही, ज्याने कमी गोळा केला त्याला कमी पडलं नाही. काहींनी उद्यासाठी लपवून ठेवला, तर त्यात किडे पडले. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, कारण सातवा विसाव्याचा. तो दुप्पट मान्ना नासला नाही.

या गोष्टीत काय शिकवलं आहे? साठवणूक मुळातच वाईट असती तर शब्बाथासाठी ठेवलेला मान्नाही नासला असता. विसाव्यासाठी, ठरलेल्या गरजेसाठी ठेवलेलं टिकलं. भीतीपोटी किंवा हावेपोटी लपवलेलं नासलं.

हाच भेद शास्त्रात पुढेही दिसतो. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफ सात वर्षं सुकाळाचं धान्य कोठारांत भरतो, आणि पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळात ते लोकांना पुरतं. त्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात एक श्रीमंत शेतकरी आहे. भरपूर पिकल्यावर तोही कोठारं मोठी करायचं ठरवतो. त्याला मात्र देव मूर्ख म्हणतो. कोठारं दोघांचीही. मग फरक कुठे? त्या शेतकऱ्याचं स्वगत वाचून पाहा. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. पूर्ण बोलण्यात दुसरा माणूस नाही. योसेफाच्या कोठाराला दुष्काळात दार होतं, याच्या कोठाराला दारच नाही.

तेव्हा बँकेतलं खातं, पोराच्या शिक्षणाची ठेव, म्हातारपणाची सोय, याबद्दल मनात अपराध बाळगायचं कारण नाही. आपल्या शेतकऱ्याने कणगी भरून ठेवली म्हणून त्याचा विश्वास डळमळला असं होत नाही. बी-बियाणं न ठेवणारा शेतकरी श्रद्धावान नसतो, तो बेफिकीर असतो. विचारायचा प्रश्न एवढाच : आपल्या कणगीला दार आहे का? अडल्यानडल्याला ते उघडतं का?

मग डोंगरावरच्या प्रवचनातलं ते 'चिंता करू नका'? मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू पाखरांकडे पाहायला सांगतो. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, तरी जगतात. पण पाखरू घरट्यात चोच उघडून बसत नाही, बरं का. पहाटेपासून ते दाणा शोधत फिरत असतं. त्याला काम आहे, त्याला चिंता नाही. काम आणि चिंता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम आजचं असतं, चिंता नेहमी उद्याची असते. आणि उद्याची चिंता आज केल्याने उद्याचं काम आज होत नाही, फक्त आजचं काम बिघडतं. पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या जिरायती भागातल्या माणसाला हे सांगणं सोपं नाही, याची आम्हाला जाणीव आहे. पण हे सांगणाराही कोरडवाहू डोंगराळ मुलखातलाच होता आणि त्याचे ऐकणारेही कर्जाने वाकलेले होते. त्यांना धीर देण्यासाठी हे शब्द आहेत. त्यांच्या चिंतेबद्दल त्यांना दोष देण्यासाठी कोणी ते वापरू नयेत.

घाम आणि सूर्यास्त

आता पहिला प्रश्न. मागायचं की राबायचं? थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात एक कडक नियम आहे : ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. हे वाक्य गरिबांना ऐकवायला अनेकांना आवडतं. ते नीट वाचलं पाहिजे. तिथे 'इच्छा नाही' असं आहे, 'काम मिळत नाही' असं नाही. प्रभू लवकरच येणार, मग कशाला राबा, असं म्हणून जे हातावर हात ठेवून दुसऱ्यांच्या जिवावर जगू लागले होते, त्यांना ते सांगितलं आहे. आजारी, म्हातारे, बेकार यांच्यावर ते लावता येत नाही.

ज्याला काम मिळत नाही त्याच्यासाठी शास्त्रात वेगळी गोष्ट आहे, मत्तयच्या विसाव्या अध्यायात. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर अड्ड्यावर जातो आणि एक दीनार रोज ठरवून माणसं आणतो. दीनार म्हणजे त्या काळची दिवसाची मजुरी, घर एक दिवस चालेल एवढी. पुन्हा नऊ वाजता जातो, बारा वाजता, तीन वाजता. शेवटी संध्याकाळी पाच वाजता जातो तर अजून काही माणसं उभीच आहेत. का उभे आहात, विचारल्यावर ती म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. त्यांनाही तो नेतो. आणि हिशेबाच्या वेळी तासभर राबलेल्यांनाही पूर्ण दीनार देतो. सकाळपासून उन्हात भाजलेले चिडतात. आपणही चिडलो असतो.

वर्गात ही गोष्ट सांगितली की विद्यार्थी म्हणायचे, हा अन्याय आहे. न्यायाची एक कल्पना अशी की ज्याने जेवढं केलं तेवढं त्याला. त्या कल्पनेने पाहिलं तर मालक चुकला. पण पाच वाजेपर्यंत उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरीही तितकीच तोंडं आहेत. दीनाराचा बारावा हिस्सा घेऊन तो घरी गेला असता तर त्याच्या पोरांनी भाकरीचा बारावा तुकडा खाल्ला असता. मालकाने ठरलेल्या मजुरीत कोणाची कपात केली नाही, हेही लक्षात घ्या. त्याने पहिल्यांना ठरलेलं दिलं आणि शेवटच्यांना गरजेचं दिलं. 'रोजची भाकर दे' या प्रार्थनेला ती गोष्ट उत्तर देते, आणि ते उत्तर मजुरीच्या रूपाने, एका मालकाच्या हातून येतं. देव भाकर देतो तो बहुधा असा, कोणाच्या तरी हातून.

आपल्याकडे हे चित्र परकं नाही. शहराच्या चौकाचौकांत सकाळी मजूर उभे असतात. लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि प्रवरेच्या काठाचं रूप पालटलं, ही आपल्या जिल्ह्याची अभिमानाची गोष्ट. पण त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगावकडच्या कोरड्या भागातून दर हंगामाला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून ऊसतोड कामगार बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि हंगामभर कोयता चालवून ती फेडायची असते. अशा माणसासाठी शास्त्रात काय आहे? अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, मग तो आपला असो की परका, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. निर्गमात म्हटलं आहे की गहाण घेतलेलं गरिबाचं पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यावं, नाहीतर तो रात्री काय पांघरील? याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो. लेवीयात सांगितलं आहे की शेत कापताना बांधापर्यंत कापू नये, पडलेली कणसं वेचू नयेत. तो सरवा गरिबाचा आणि परक्याचा. रूथ ही परदेशी विधवा असाच सरवा वेचून सासूला जगवते, आणि तिच्याच वंशात पुढे दावीद जन्मतो.

तेव्हा 'मागायचं की राबायचं' या प्रश्नात एक तिसरी बाजू राहून जाते : द्यायचं. ज्याच्या हाताखाली माणसं आहेत, मग तो कारखानदार असो, बागायतदार असो की घरी धुणंभांड्याला बाई ठेवणारं तुमच्या-आमच्यासारखं कुटुंब असो, त्याने सकाळी 'आमची रोजची भाकर' म्हणायची आणि महिनाअखेरीला बाईचा पगार पुढे ढकलायचा, हे शास्त्राला मान्य नाही. आपणच तिच्या प्रार्थनेच्या उत्तराला अडवून बसलेलो असतो.

भुकेची साक्ष

आता तो टोचणारा प्रश्न. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती धर्माचा संघटित इतिहास सुरू होतो १८३१ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं तेव्हा. १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघू लागलं. मिस सिंथिया फरार यांच्या इथल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. पुढे खेड्यांत, वडाळ्यासारख्या ठिकाणी मिशनची केंद्रं उभी राहिली आणि तिथे धर्म स्वीकारणाऱ्यांत बहुसंख्य होते महार आणि मांग समाजांतले लोक. मग १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा. मिशनांनी मदतीची कामं काढली, अनाथ मुलं सांभाळली. आणि तेव्हापासून ते वाक्य चिकटलं : पोटासाठी बाटले.

या वाक्याला उत्तर देताना दोन चुका होतात. काही जण रागाने म्हणतात, नाही, आमच्या पूर्वजांना भाकरीचं काही नव्हतं, त्यांनी निव्वळ सत्यासाठी धर्म घेतला. काही जण शरमेने गप्प बसतात. दोन्ही उत्तरांत एक समजूत दडलेली आहे : भूक ही हलकी गोष्ट आहे आणि श्रद्धा भुकेपासून लांब असली तरच खरी. ही समजूत शास्त्राची आहे का, ते तपासू.

योहानाचा सहावा अध्याय पुन्हा उघडा. येशू हजारो लोकांना जेवू घालतो. दुसऱ्या दिवशी लोक त्याला शोधत समुद्रापलीकडे येतात. तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. म्हणजे आपल्या जिल्ह्यावर झालेला आरोप येशूने स्वतः आपल्या ऐकणाऱ्यांवर केला आहे! पण तो पुढे काय करतो? दिलेली भाकर बोलून दाखवत नाही. उपकार काढत नाही. कोणाला हाकलतही नाही. नाश पावणाऱ्या अन्नापलीकडे एक अन्न आहे, असं सांगून तो त्यांची भूक वाढवतो. बोलणं कठीण झाल्यावर पुष्कळ जण निघून जातात, आणि तो त्यांना जाऊ देतो. त्याच अध्यायात लिहिलं आहे की कोण विश्वास ठेवणार नाही हे त्याला आधीपासून माहीत होतं. माहीत असूनही जेवण दिलं. भाकरीला त्याने अट लावली नाही.

यात दोन्ही बाजूंना धडा आहे. भाकर देणाऱ्याने तिच्या मोबदल्यात श्रद्धा मागितली, तर तो येशूच्या वाटेने गेला नाही. आपल्या इतिहासात असं कुठे घडलं असेल, तर ते घडलं म्हणून मान्य करायला हरकत नाही. पण भाकरीमुळे जो जवळ आला, त्याची श्रद्धा खोटीच, असाही निष्कर्ष निघत नाही. माणूस एका कारणाने येतो आणि दुसऱ्या कारणाने राहतो. दुष्काळ दोन वर्षांत संपला, भाकर वाटणं थांबलं, आणि ही माणसं चार-चार, पाच-पाच पिढ्या राहिली. त्याचं स्पष्टीकरण एका भाकरीने होत नाही.

कांट हा जर्मन तत्त्वज्ञ हेतूच्या शुद्धतेबद्दल फार कडक होता. पण तोही म्हणतो की कितीही बारकाईने आत पाहिलं, तरी आपल्याच कृतीमागचा हेतू पूर्णपणे शुद्ध होता की नाही, हे आपल्याला खात्रीने सांगता येत नाही. स्वतःबद्दल जे सांगता येत नाही, ते शंभर वर्षांपूर्वीच्या भुकेल्या माणसाबद्दल आपण इतक्या खात्रीने कसं सांगतो?

आणि हा निवाडा फक्त एकाच थरातल्या माणसांबद्दल का होतो, तेही पाहा. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मग नगर-राहुरी ही त्यांची कर्मभूमी झाली. त्यांच्याबद्दल लोक म्हणतात, विचार करून धर्म बदलला. मांगवाड्यातल्या माणसाबद्दल म्हणतात, पोटासाठी. जणू विचार एका जातीला असतो आणि पोट दुसऱ्या! स्वतः टिळकांचं आयुष्य या विभागणीत बसत नाही. पगार आणि श्रद्धा यांचं नातं त्यांनाही बोचत होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. म्हणजे भाकर आणि श्रद्धा यांचा गुंता सुटा करायची धडपड शिकलेल्यालाही करावीच लागली.

आता वेशीबाहेरच्या माणसाचा विचार करा. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावकीची कामं करून त्याला घरोघर भाकर मागावी लागे. ती वरून टाकली जाई. ती भाकर म्हणजे त्याचा हक्कही होता आणि त्याची पायरी दाखवणारी खूणही. त्या माणसाच्या तोंडी जेव्हा ही प्रार्थना आली, तेव्हा तो भाकर मागत होताच, पण पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून नव्हे. तो ती बापाकडे मागत होता, आणि 'आमची' म्हणून मागत होता. लेकरू बापाकडे मागतं तेव्हा त्याची मान खाली नसते. आमच्या मते त्याची खरी भूक इथे होती, आणि ती पोटाच्या भुकेहून वेगळी काढता येत नाही.

आणखी एक सांगायचं आहे. भाकरीपलीकडेही माणसाच्या जगण्याला काही लागतं, हे वचन सगळ्यांना माहीत आहे. ते येशू कोणाला म्हणाला? रानात चाळीस दिवस उपाशी असताना, सैतानाला म्हणाला. स्वतःच्या भुकेबद्दल म्हणाला. भुकेल्या जमावासमोर मात्र तो शिष्यांना म्हणाला की तुम्हीच त्यांना खायला द्या. शिष्यांनी हिशेब मांडला, दोनशे दीनार लागतील म्हणाले, म्हणजे दोनशे दिवसांची मजुरी. तरी आज्ञा मागे घेतली गेली नाही. आपल्या भुकेबद्दल अध्यात्म आणि दुसऱ्याच्या भुकेबद्दल भाकर, असा हा क्रम आहे. आपण बहुतेक वेळा तो उलटा करतो. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने पाहिला. खडी फोडणारी माणसं, सुकडी, रांगेत मिळणारा मिलो, हे सगळं डोळ्यांसमोर आहे. त्या रांगेतल्या कोणालाही आम्ही विचारणार नाही की तुझी देवावरची श्रद्धा सुकडीआधीची की सुकडीनंतरची.

पंगत

शेवटचा मुद्दा. भाकर मिळाली, पण ती कोणाबरोबर खायची? पहिल्या मंडळीत भांडणं झाली ती बरीचशी पंगतीवरून. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांकडे दुर्लक्ष झाल्याची तक्रार येते. प्रेषित काय करतात? मंडळीला सात माणसं निवडायला सांगून वाटप त्यांच्याकडे सोपवतात, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला, वाटपाची किल्ली त्यांच्या हाती गेली. गलतीकरांच्या पत्रात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असतो, पण यरुशलेमहून माणसं येताच बाजूला सरकतो. पौल त्याला सर्वांसमोर सुनावतो. करिंथात प्रभुभोजनाला श्रीमंत आधी खाऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात. पौल म्हणतो, हे प्रभूचं भोजन राहिलंच नाही.

आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटतं ना? लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना आठवेल. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर काही वर्षांनी त्या त्याच्याकडे आल्या, तरी सोवळं आणि वेगळा स्वयंपाक त्यांनी चालू ठेवला होता. हळूहळू त्यांच्या मनानेच ते बंध सोडवले आणि १९०० साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आयुष्यात श्रद्धेचं वळण चुलीजवळूनच गेलं. आणि ख्रिस्ती समाजातही सोयरिकी जमवताना जुनी जात हळूच विचारली जाते, हे आपण नाकारू नये. तिथे पेत्र अजून बाजूला सरकतोच आहे आणि सुनावणारा पौल कमी पडतो आहे.

तर मित्रहो, आजच्या विचाराचं सार सांगतो. मागणं, राबणं आणि देणं ही एकाच प्रार्थनेची तीन अंगं आहेत. साठवावं, पण कणगीला दार ठेवावं. मजुराचा पैसा सूर्यास्तापलीकडे ठेवू नये. पूर्वजांच्या भुकेची लाज बाळगू नये, आणि आज आपल्या दाराशी भुकेला आलेल्या माणसाच्या श्रद्धेची चौकशीही करू नये. पंगतीत आपण कोणाशेजारी बसत नाही, ते एकदा स्वतःशी मोजावं.

आज रात्री ही प्रार्थना म्हणाल तेव्हा 'आमची' या शब्दावर क्षणभर थांबा, आणि त्या 'आमची'त आज कोण कोण आहे, त्यांची नावं मनात घ्या. एखादं नाव घेताना अडखळलात, तर उद्याचं काम तिथून सुरू करा.

पुढच्या व्याख्यानात याच प्रार्थनेतली पुढची मागणी, क्षमेची, आपण घेऊ. तुमचे प्रश्न जरूर पाठवा.